बोट काठावर असतानाच ठरतं



बोट बुडाली की आपण सगळे पाण्याकडं बोट दाखवतो. वारं सुटलं होतं, लाट आली, पाणी खोल होतं, दैवच फिरलं. चार दिवस हळहळतो आणि विसरून जातो. माझं म्हणणं वेगळं आहे. अपघात पाण्यात होतो हे खरं, पण बहुतेक वेळा तो काठावरच ठरलेला असतो. बोटीत किती माणसं चढली, जॅकेट कुणी घातलं, आभाळ कुणी बघितलं, बोट कुठून आणि कशी पाण्यात उतरवली, कधी परत येणार हे कुणाला सांगून ठेवलं का, हे सगळं जमिनीवर उभं असतानाच ठरतं. बोट एकदा काठापासून सुटली की त्यातलं फारच थोडं आपल्या हातात उरतं.

म्हणून आजचा धडा पोहण्याचा नाही आणि बोट चालवण्याचाही नाही. बोट पाण्यात उतरवण्याआधीच्या अर्ध्या तासाचा हा धडा आहे.

दुष्काळी जिल्ह्याला बोटीचा धडा कशाला?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर त्यात चूक काही नाही. धाराशिव म्हटलं की टँकर, चारा छावणी आणि कोरड्या विहिरी डोळ्यांपुढं येतात. शेजारच्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण डोळ्यांनी पाहिलं. असं असताना बोटीचं काय घेऊन बसलात?

पण जरा जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. परंडा तालुक्यात सीना-कोळेगाव धरण आहे. लोहारा तालुक्यात माकणीजवळ निम्न तेरणा आहे. तेरजवळ तेरणेचं धरण आहे. कळंबकरांच्या शिवेला लागून मांजरा धरणाचा फुगवटा येतो. नळदुर्गला तर किल्ल्याच्या पोटातूनच बोरी नदी वाहते. 1613 मध्ये दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेला तिथला बंधारा आणि त्याच्या आतला पाणी महाल बघायला लांबून माणसं येतात. नर-मादी धबधबे सुरू झाले की तर गर्दीला ठाव नसतो. शिवाय गावोगावचे पाझर तलाव आणि साठवण तलाव वेगळेच. म्हणजे पाणी कमी असलं, तरी जिथं आहे तिथं ते खोल आहे आणि माणसाचं त्याच्याशी रोजचं काम आहे. कुणी मासे धरतं, कुणी पलीकडच्या शेतात जातं, कुणी सुट्टीच्या दिवशी लेकरांना बोटीत बसवायला नेतं.

सप्टेंबर 2025 आठवतो ना? परंडा आणि भूम तालुक्यांत पुराचं पाणी वस्त्यांत शिरलं. अडकलेल्या माणसांना काढायला एनडीआरएफच्या बोटी आल्या, हेलिकॉप्टर आलं. ज्या भागात बोट कशी असते हे लेकरांनी पुस्तकातच पाहिलेलं, तिथं आजी-आजोबांना रात्रीतून बोटीत चढावं लागलं. दुष्काळी जिल्ह्याला बोटीचा धडा जास्त लागतो, तो यासाठीच. कोकणातल्या मच्छीमाराच्या पोराला पाण्याचं भय आणि पाण्याची रीत दोन्ही घरातच मिळतात. आपल्या लेकरांना ती कुठून मिळणार?

चार घटना, एकच धागा

जून 2019 मध्ये आपल्याच नळदुर्गच्या किल्ल्यात बोट उलटली आणि तीन लहान मुलं गेली. सुट्टीचा, आनंदाचा दिवस होता.

9 जुलै 2017 ला नागपूरजवळच्या वेणा जलाशयात तरुणांची बोट उलटली. अकरा जण होते, आठ परत आले नाहीत. बोटीतून मोबाइलवर थेट चित्रीकरण चालू होतं, ते नंतर सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं.

18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त मुलं बसवली होती आणि लाइफ जॅकेट मोजक्याच मुलांच्या अंगात होती.

21 मे 2024 ला उजनीच्या पाण्यात, करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडं निघालेली बोट वादळी वाऱ्यात सापडली. सात जणांपैकी सहा बुडाले. एक जण पोहून काठाला लागला. करमाळा म्हणजे आपल्या परंड्याचा शेजार. ती माणसं मौजमजेला निघालेली नव्हती. रस्त्यानं मोठा वळसा पडतो, म्हणून तिथली माणसं बोटीनंच ये-जा करतात.

या चारही ठिकाणी पाणी वेगळं, बोट वेगळी, माणसं वेगळी. पण प्रत्येक वेळी एक क्षण असा होता, की काठावर कुणीतरी ठामपणे ‘थांबा’ म्हणायला हवं होतं. आभाळ भरलंय, थांबा. जागा संपली, थांबा. जॅकेट नाही, थांबा. हा ‘थांबा’ म्हणणारा माणूस आपल्या काठांवर नसतो, हे आपलं खरं दुखणं आहे.

बोट किती दबते? एक सोपं गणित

‘अजून दोघं बसले तर काय होतंय?’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. त्याचं उत्तर सातवी-आठवीच्या गणितात आहे. वहीवर करून बघा.

समजा, बोट साडेतीन मीटर लांब आणि 1.2 मीटर रुंद आहे. हिशोब सोपा जावा म्हणून ती पेटीसारखी चौकोनी धरू. तळाचं क्षेत्रफळ 4.2 चौरस मीटर झालं. अशी बोट 1 सेंटिमीटर दबली की 42 लिटर पाणी बाजूला सारते, आणि 42 लिटर पाण्याचं वजन 42 किलो. आर्किमिडीजचा नियम सांगतो, की बोट जेवढ्या वजनाचं पाणी बाजूला सारते, तेवढंच वजन पाणी तोलून धरतं. म्हणजे दर 42 किलोला बोट 1 सेंटिमीटर खाली जाणार. 63 किलोचा एक माणूस बसला की दीड सेंटिमीटर.

आता बोटीचं स्वतःचं वजन 126 किलो आणि कड 40 सेंटिमीटर उंच धरा. रिकामी बोट 3 सेंटिमीटर दबते. चार माणसं बसली की आणखी 6. म्हणजे पाण्याच्या वर 31 सेंटिमीटर कड उरली. बारा माणसं बसली तर 19 सेंटिमीटरच उरली, साधारण वीतभर. पाणी निवांत असताना एवढी कड पुरेशी वाटते. पण कुणीतरी फोटोसाठी उठतं, दोघं एका अंगाला सरकतात, बोट कलते, आणि ती वीतभर कड पाण्याला टेकायला डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ पुरतो.

पुढचं गणित तर जास्त भीतीदायक आहे. कडेवरून पाणी आत आलं आणि तळात 10 सेंटिमीटर साठलं, तर ते 420 किलो होतं. म्हणजे साडेसहा माणसांइतकं वजन, आणि तेही एका जागी न बसणारं. बोट ज्या अंगाला कलेल त्या अंगाला ते धावतं. म्हणून बोट हळूहळू बुडत नाही. आधी ठीक वाटते आणि मग एकदम उलटते. खऱ्या बोटीचा तळ पेटीपेक्षा निमुळता असतो, त्यामुळं प्रत्यक्षात ती या हिशोबापेक्षा जास्तच दबते.

‘दोघं बसले तर काय होतंय’ याचं उत्तर हे आहे. बोटीवर लिहिलेला आकडा सरकारी कागद सजवायला लिहिलेला नसतो.

घरून निघण्याआधी

पहिलं काम आभाळाचं. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यांत सकाळ निवांत असते आणि दुपार कलली की वळीव उठतो. धुळीचा लोट दिसेपर्यंत वारं अंगावर येतं. मोकळ्या जलाशयावर त्या वाऱ्याला अडवायला झाड नाही की टेकडी नाही. म्हणून या दिवसांत बोटीचं काम सकाळीच उरकायचं. हवामान खात्याचा अंदाज मोबाइलवर मिळतो. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं तयार केलेलं ‘दामिनी’ ॲप आहे. ते पाच मिनिटं बघायला काय लागतं? आणि अंदाज काहीही असो, ढगाचा गडगडाट कानावर आला की बोट काठालाच राहिली पाहिजे.

दुसरं काम माणसं मोजण्याचं. किती जण जाणार, त्यात लहान किती, पोहता न येणारे किती, हे घरीच लिहून काढा. तेवढी आणि त्या मापाची जॅकेट हातात असल्याशिवाय निघू नका. मोठ्याचं जॅकेट लहानाला घालून भागत नाही. पाण्यात पडल्यावर जॅकेट वर तरंगतं आणि लेकरू खालून निसटतं. तपासायची रीत साधी आहे. जॅकेटचे सगळे पट्टे आवळा आणि खांद्याला धरून वर ओढून बघा. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते ढिलं आहे, बदला. आपल्याकडं विहिरीवर पोहायला शिकवताना लेकराच्या पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधायचे. बांधणारा आजोबा दोरीची गाठ तीनदा ओढून बघायचा. तीच काळजी इथं हवी.

तिसरं काम निरोपाचं. कुठल्या तलावावर, कुठल्या काठावरून, किती माणसं, कुणाच्या बोटीतून, किती वाजता परत, हे काठावर राहणाऱ्या एका शहाण्या माणसाला सांगून ठेवा. ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात फोन आला नाही तर त्यानं काय करायचं, हेही ठरवा. 112 हा आपत्कालीन क्रमांक, 108 रुग्णवाहिकेचा आणि 1077 जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा. हे तीन आकडे पाढ्यासारखे पाठ पाहिजेत.

काठावर, पण पाण्यापासून दूर

बोट पाण्यात उतरवण्यासाठी केलेल्या पक्क्या उताराला रॅम्प म्हणतात. चांगला रॅम्प काँक्रीटचा असतो, त्यावर आडव्या खाचा असतात म्हणजे पाय आणि चाक घसरत नाही, आणि चढ साधारण शंभर फुटांना बारा ते पंधरा फूट असतो. याहून सपाट असेल तर बोट तरंगायच्या आधी गाडीच पाण्यात जाते. याहून उभा असेल तर गाडी वर चढत नाही.

आपल्याकडं असा रॅम्प क्वचित दिसतो. बोट टेम्पोत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत येते आणि मिळेल त्या काठावरून सहा-सात जण खांद्यावर उचलून उतरवतात. तेव्हा काळजी उलट जास्त घ्यायला पाहिजे. आपली काळी माती ओली झाली की साबणासारखी होते, आणि वरून वाळलेली दिसली तरी खाली गाळ असतो. पाय रुतला की खांद्यावरची बोट अंगावर. म्हणून आधी एकानं काठी घेऊन पुढं जावं, दर पावलाला काठी टोचून तळ बघावा आणि मगच बाकीच्यांनी पाऊल टाकावं. रॅम्प पक्का असला तरी त्याचं काँक्रीट पाण्याखाली कुठं संपतं, तेही काठीनंच बघायचं. तिथं एकदम खड्डा असतो आणि गाडीचं मागचं चाक नेमकं तिथंच उतरतं.

बोटीची तयारी करायची ती उताराच्या वर, सपाट जागेवर. बोटीच्या तळाला पाणी काढायचं भोक असेल तर त्याचं बूच घट्ट बसवलंय का? वल्ही, दोरी, पाणी उपसायला डबा आत आहे का? इंजिन असेल तर इंधन किती, आणि चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी दोरी आहे का? ती दोरी मनगटाला बांधायची असते, ती नुसती लटकत ठेवून उपयोग नाही. हे सगळं वरच झालं पाहिजे. उतारावर उभं राहून बूच शोधणारा माणूस स्वतःही गोंधळतो आणि मागच्यांचीही वाट अडवतो.

उतारावर

गाडी मागं घेताना गाडीत चालक सोडून कुणी बसायचं नाही. चालकानं काच खाली आणि पट्टा सोडलेला ठेवायचा. गाडी पाण्यात घसरलीच तर बाहेर पडायला तेवढाच वेळ मिळतो. गाडीच्या मागं आणि बोटीच्या खालच्या अंगाला कुणी उभं राहायचं नाही, लेकरं तर अजिबात नाही. इशारा करणारा एकच माणूस. चौघं चार बाजूंनी ‘आण, आण’ ओरडायला लागले की चालकाला एकही ऐकू येत नाही. गाडी थांबली की हातब्रेक आणि चाकांच्या खालच्या अंगाला मोठे दगड.

बोट सोडण्याआधी तिच्या तोंडाला दोरी बांधलेली हवी आणि दोरीचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात हवं. दोरी हाताला गुंडाळायची नाही, नुसती धरायची. गुंडाळली तर बोटीबरोबर माणूसही ओढला जातो.

बोट तरंगली की लगेच उड्या मारायच्या नाहीत. एकेकानं, वाकून, मधोमध पाय टाकून चढायचं. जड माणसं आणि सामान मध्ये आणि खाली. बसल्यावर उठायचं नाही. जॅकेट चढण्याआधी घालायचं, बोटीत गेल्यावर नव्हे. मग डोकी मोजायची. यादीतला आकडा, बोटीतला आकडा आणि जॅकेटचा आकडा हे तिन्ही जुळले तरच दोरी सुटेल. परत आल्यावर पुन्हा मोजायची.

आणि एवढं करूनही कुणी पाण्यात पडलंच तर? पोहता न येणाऱ्यानं उडी मारायची नाही. काठी पुढं करा, दोरी फेका, झाकण लावलेला रिकामा कॅन फेका, साडी सोडा. एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशी एका घरातली माणसं आपल्या मराठवाड्यातल्या शेततळ्यांनी आणि विहिरींनी गिळलेली आहेत.

मग बोटिंगच बंद करा ना!

हा सल्ला प्रत्येक अपघातानंतर येतो. सहलीत पाण्याचं ठिकाण घेऊच नका, तलावाला कुलूप लावा. शिक्षक म्हणून मला त्यातली भीती कळते. दुसऱ्याचं लेकरू घेऊन निघालेल्या माणसाच्या मनावर काय ओझं असतं, ते सहलीला गेलेल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. शाळेची सहल असेल आणि वर सांगितलेली एकही गोष्ट जागेवर नसेल, तर बोटीत बसायचंच नाही, यात दुमत नाही.

पण नुसत्या बंदीनं सहलीचा कागद सुरक्षित होतो, लेकरू होत नाही. कारण सगळीच लेकरं सहलीपुरती पाण्यात जात नाहीत. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं, गंगापूर तालुक्यातलं भिवधानोरा गाव आठवा. जायकवाडीच्या पाण्यातून तिथली मुलं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून शाळेत जात होती. 2023 मध्ये ती बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्या मुलांना ‘पाण्याकडं जाऊ नका’ हा सल्ला काय कामाचा? शाळाच पाण्यापलीकडं आहे. आपल्याकडंही धरणात रस्ते गेलेल्या गावांची हीच गत आहे. थर्माकोलचा तुकडा किंवा टायरची ट्यूब घेऊन जाळं टाकायला जाणारे बाप आहेत आणि त्यांच्यासोबत जाणारी पोरं आहेत. पूर तर कुणाचीच परवानगी मागत नाही.

दुसरीकडून कुणी म्हणेल, ‘आमच्या चार पिढ्या होडी वल्हवतात, आम्हाला काय शिकवता?’ त्या ज्ञानाचा मी मान राखतो. वाऱ्याचा रोख आणि पाण्याचा रंग बघून मासेमारी करणारा म्हातारा जे सांगेल, ते कुठलंही ॲप सांगणार नाही. पण त्याचं ज्ञान दोघांच्या होडीचं आहे. तीस लेकरं बसवलेल्या बोटीचं ज्ञान चार पिढ्यांत कुणालाच नाही.

तळं कुणाचं?

आता मोठ्या माणसांसाठी दोन शब्द. आपल्याकडं तळं जलसंपदा खात्याचं किंवा जिल्हा परिषदेचं, मासे मच्छीमार संस्थेचे, बोट ठेकेदाराची आणि जीव मात्र आपला. अपघात झाला की प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगतो. कायदा नाही असंही नाही. 1917 चा जुना कायदा मागं पडून 2021 मध्ये अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला. यंत्रावर चालणाऱ्या बोटीला नोंदणी आणि तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं 2017 मध्ये बोटींच्या सुरक्षिततेसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. पण कागद मुंबई-दिल्लीत आणि बोट काठावर. त्या दोघांची गाठ घालून देणारा माणूस काठावर नाही.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. जिल्ह्यात जिथं जिथं माणसं बोटीत बसतात, त्या प्रत्येक काठावर चार गोष्टी असाव्यात. एक, बोट उतरवायला आणि माणसं चढायला एकच ठरलेला, पक्का उतार. तो तळ्याच्या भरल्या पातळीपुरता नको, मे महिन्यातल्या पाण्यापर्यंत गेलेला हवा. पाणी 6 मीटर खाली गेलं तर शंभराला पंधरा या चढानं 40 मीटर लांबी लागते. ती मापूनच बांधा, नाहीतर उन्हाळ्यात रॅम्प वर आणि माणसं गाळात. पुराच्या वेळी बचाव पथकाची बोट उतरवायलाही हाच उतार कामी येईल. दोन, मोठ्या मराठी अक्षरांत फलक: या बोटीत इतकीच माणसं, बोटिंगची वेळ इतकी ते इतकी. तीन, एक वही, ज्यात प्रत्येक फेरीची माणसं आणि वेळ लिहिली जाईल. चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, ‘आज बोट जाणार नाही’ असं म्हणण्याचा अधिकार असलेला एक माणूस, ज्याचा पगार तिकिटांवर अवलंबून नाही. ज्याची कमाई फेऱ्यांवर आहे, त्यानं फेरी थांबवावी अशी अपेक्षा करणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं.

आपल्याकडं म्हण आहे, बैल गेला अन् झोपा केला. अपघातानंतर लागणारी कुलपं आणि चौकशीचे आदेश हा तोच झोपा आहे.

वर्गात काय करता येईल?

यासाठी तळ्यावर जायची गरज नाही. पसरट पाण्याची परात घ्या. त्यात स्टीलचा चौकोनी डबा तरंगवा आणि त्याच्या बाजूला पट्टी धरून खुणा करा. एकेक वजन टाकत डबा किती दबतो ते लिहा. मग तीच वजनं एका अंगाला सरकवा आणि काय होतं ते बघा. नंतर डब्यात दोन पेले पाणी ओतून तेच पुन्हा करा. मुलांना आर्किमिडीज वेगळा शिकवावा लागणार नाही.

त्यानंतर पुढचे प्रश्न वहीत सोडवायला द्या :

1. वरच्या गणितातल्या बोटीत 63 किलोची आठ माणसं बसली, तर पाण्याच्या वर किती कड उरेल?
2. तुमच्या गावाजवळच्या तळ्यावर बोट कुठून उतरवतात? तिथला उतार, माती आणि खोली यांचं पाच ओळींत वर्णन करा. माहिती घरच्या मोठ्या माणसांना विचारा, स्वतः पाण्यात उतरू नका.
3. सहा जणांना बोटीनं पलीकडं जायचं आहे. काठावर राहणाऱ्या माणसाला कोणता निरोप लिहून द्याल?
4. जॅकेट पाचच आहेत आणि माणसं सहा. काय कराल? कारण सांगा.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मुलं काय लिहितात ते नीट वाचा. ‘सहावा पोहणारा असेल तर चालेल’ असं कुणी लिहिलं, तर त्या मुलाशी थांबून बोला. ‘सहावा काठावर थांबेल’ असं सगळ्या वर्गानं लिहिलं, तर समजा की धडा पोचला. उद्या हीच मुलं बाप होतील, सरपंच होतील, ठेकेदार होतील, कुणी अभियंता होऊन धरणाचा नकाशा काढेल. काठावर ‘थांबा’ म्हणणारा माणूस आपल्याला बाहेरून मिळणार नाही. तो याच बाकांवर बसलेला आहे.